छोटा पॉवर सप्लाय

नव्या कॉम्प्युटरसाठी तिने निवडलेलं कॅबिनेट बुटांच्या खोक्याएवढं होतं. दुकानदाराने काउंटरवर दोन पॉवर सप्लाय ठेवले, एक नेहमीचा आणि दुसरा आकाराने त्याच्या निम्मा, पण महाग. तिने निम्मा उचलला आणि नवऱ्याचं डोकं फिरलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का? तेवढ्याच वॉटचा मोठा स्वस्तात मिळतोय."

"तो या कॅबिनेटमध्ये बसणार नाही, साहेब," दुकानदार म्हणाला.

"मग कॅबिनेट मोठं दाखवा. टेबलाखाली ढीगभर जागा आहे आमच्या. उगाच हिला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका."

बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिची कानशिलं तापली. व्हिडिओ एडिटिंग ती करायची, मशीन तिच्याच कमाईतून येणार होतं. आवाज न चढवता ती दुकानदाराला म्हणाली, "हाच बसवा."

नवऱ्याने तिचं मनगट धरलं. "आधी मला कारण सांग. एवढंसं मशीन कशाला हवंय तुला?"

तिने हिसडा देऊन मनगट सोडवून घेतलं.

"मागच्या भांडणानंतर मी माहेरून परत आले ना, ते तू गावभर सांगत फिरतोस तसं तुझ्यावाचून करमेना म्हणून नाही. माझं सगळं काम जुन्या मशीनमध्ये अडकलं होतं, आणि ते धूड मला एकटीला उचलून नेता आलं नव्हतं."