लाभ, दोन, तीन

"हे काय आहे?" शाळा तपासायला आलेल्या डिपुटी साहेबांनी पाटी मैनाबाईंच्या नाकासमोर धरली.

पाटीवर अंक आणि त्यांच्यासमोर अक्षरी लिहिलेलं होतं. एकाच्या अंकासमोर गोल गोल अक्षरांत ‘लाभ’. दोनासमोर दोन, तीनासमोर तीन, पुढे दहापर्यंत सगळं बिनचूक. साहेबांनी दुसरी पाटी उचलली. तिच्यावरही लाभ. बिगरीच्या वर्गात बावीस पोरी होत्या आणि बावीसही पाट्यांवर लाभच होता.

"भात मोजायला बसलाय का तुम्ही इथे?"

एकतीस साल, शिरगणतीचं वर्ष. मास्तर-बायांच्या मागे आधीच कागदांचा सासुरवास. त्यात हे नवे डिपुटी पुण्याहून बदलून आलेले. आधीचे यायचे, शहाळं पिऊन, बरा शेरा लिहून जायचे. हे आल्यापासून ज्याच्या त्याच्यावर डाफरत सुटले होते. शाळेतल्या घंटेलासुद्धा त्यांनी नावं ठेवली.

"मला लाभ माहीत नाही असं समजू नका," ते म्हणाले. "मी याच जिल्ह्यातला. माझ्या बापाच्या खळ्यावर पहिल्या पायलीला लाभच म्हणायचे. पण ते खळ्यावर."

"ठाऊक आहे," मैना म्हणाली.

"ठाऊक आहे आणि तरी?"

त्यांनी पुढच्या ओळीतल्या फरीदाला उभं केलं. मांडवी बंदरावरच्या तांडेलाची पोर, भीडभाड कशाशी खातात ते तिला माहीत नाही.

"मोज."

"लाभ, दोन, तीन, चार..."

"लाभ नव्हे. एक म्हण."

"आमच्या बाई तसं नाही बोलत," फरीदा म्हणाली. "लाभच बोलतात."

मागे पोरी खुसखुसल्या. साहेबांचे कान लाल झाले.

मुख्याध्यापिका गंगाबाई घाईघाईने मध्ये पडल्या. "साहेब, शेतकऱ्याघरची आहे ती. लहानपणची सवय, दुसरं काय. पण हिच्या हाताखालची पोर पुढच्या यत्तेत कुठे अडत नाही हो."

खोटं नव्हतं ते. गंगाबाईंनी सहा वर्षांत मैनाला सतरा वेळा समजावलं होतं. ती खाली मान घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गातून पुन्हा लाभ, दोन, तीन. हट्टी मेली, असं गंगाबाई मनात म्हणायच्या, पण तिच्या घरचं माहीत असल्याने फार ताणायच्या नाहीत. मांडवीला भाड्याच्या खोलीत मैना आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू, दोघीच. लग्न झालं तेव्हा ती आठ वर्षांची, नवरा तेव्हाच बाहेरगावी शिकायला गेलेला; आता मुंबईस, असं मैना सांगे. इथे निम्म्या घरांत तसंच सांगतात, म्हणून पुढे कुणी विचारत नसे. दोघींचं पोट या नोकरीवर होतं.

"बाई," साहेब म्हणाले, "पोरींकडून म्हणवून घ्या. एक. त्याने जीभ झडत नाही कुणाची. एकदा तोंडाने म्हणा, मी शेरा मारत नाही. नाहीतर आजच्या आज घरी बसा."

मैनाने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा संताप झाला होता. आपणच शिकवलेल्या पोरींसमोर हा माणूस आपल्याला पोरीसारखं उभं करतो. तोंडावर दोन शब्द फेकावेत असं तिला वाटलं. ते तिने गिळले.

"नाही म्हणणार."

"का?"

"कारण सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

"दोन्ही."

साहेब उठले आणि तरातरा गंगाबाईंच्या खोलीत गेले. दोघी मागोमाग आल्या. त्यांनी मैनाचं नोकरीचं पुस्तक मागवलं आणि टेबलावर आपटून उघडलं.

"असं नका करू साहेब," गंगाबाई म्हणाल्या. "घरात म्हातारी सासू आहे. हिची नोकरी गेली तर तिला पेज कोण घालील?"

"तिचा मुलगा बघेल तिला," साहेब दौतीत टाक बुडवत म्हणाले. "लोकांच्या आया पोसायला सरकार पगार देत नाही."

मैना हसली. ते हसणं बरं नव्हतं. गंगाबाईंनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

"मैना रावजी," साहेब वाचत होते. "रावजी कोण?"

"माझे वडील."

"आणि नवऱ्याचं नाव? रकाना कोरा. सहा वर्षं कोरा. ही शाळा आहे की धर्मशाळा? अर्धवट कागद मी वर पाठवत नसतो. सांगा."

"अहो साहेब, बायामाणसं नवऱ्याचं नाव कशी घेतील?" गंगाबाई म्हणाल्या. "तोंडाने घेत नाहीत आपल्याकडे."

"माझ्यासमोर हे थेर नकोत. सांगा, बाई."

मैना टेबलाजवळ आली. साहेबांचा टाक कोऱ्या रकान्यावर थांबला होता.

"एकनाथ," ती म्हणाली. "एकनाथ गंगाराम. खाली तुमची सही कराल ना, तीच वर लिहा."