रुमालाखालची बोटं

"दिवसभर गप्प बसून दाखव. बोलायचं नाही, लिहायचंही नाही. हरलास तर कांद्यांची माळ घालून चौकात नाचायचं," शेखर कुंपणापलीकडून म्हणाला.

"जिंकलो तर तू नाच," गोरक्ष म्हणाला. पन्नाशी उलटली तरी याचं तोंड मिटलेलं कॉलनीत कोणी पाहिलं नव्हतं.

त्याची बायको लंकाबाई गच्चीत पापड घालत होती. "शेखरभाऊ, मग यांना रविवारी त्या कॉलेजातल्या मेळाव्याला न्या," ती वरून म्हणाली. "तिथं म्हणे सगळ्यांनाच बोलावं लागतं."

मेळावा डिजिटल ह्युमॅनिटीजचा. जुने कागद, फोटो, आवाज कंप्युटरात कसे जपायचे, त्याचा. ना स्टेज, ना पाहुणे, ना नारळ. ज्यानं त्यानं फळ्यावर आपला विषय लिहायचा आणि गोल बसून बोलायचं. गोरक्ष दात आवळून बसला. कोणी "काका, तुमचं मत?" विचारलं की छातीवर हात ठेवून नुसती मान डोलवायचा. चार वाजेपर्यंत त्यानं वेळ मारून नेली. पाचला मेळावा संपला की पैज जिंकली.

तेवढ्यात यशश्री नावाच्या मुलीनं पडद्यावर फोटो टाकला. घोटीचा बैलबाजार. दोन माणसं, हातांवर रुमाल.

"हे काय करतायत, कोणाला माहितीये?"

"शपथ घेत असतील."

"जुगार असेल."

गोरक्ष पुढं सरकला. हा फोटो त्यानं वीस वर्षांपूर्वी रद्दीत टाकला होता. डावीकडचा त्याचा बाप. हेडी, म्हणजे बैलांचा दलाल. हेडी म्हटलं की लोक लबाडच धरतात. म्हणून कॉलनीत आल्या दिवशी गोरक्षनं थाप ठोकली, बाप द्राक्षबागायतदार. बायकोलाही तसंच बजावलं.

तो उठला. खिशातला रुमाल शेजारी बसलेल्या तनय नावाच्या पोराच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं दाबली. आधी दोन. नाही म्हणून मान हलवली. मग तीन.

"भाव करतायत," तनय हळूच म्हणाला. "भोवतीच्यांना कळू नये म्हणून."

मग रांगच लागली. ज्याला त्याला रुमालाखाली हात घालायचा होता. शेखरला आपल्या गळ्यात कांदे दिसायला लागले.

पाचला दहा कमी. यशश्रीनं फोटोखाली टाइप केलं: दोन बैलव्यापारी, नावं अज्ञात.

गोरक्ष पडद्याकडे बघत राहिला. मग शेखरकडे. मग घसा खाकरला.

"अज्ञात खोड, पोरी. डावीकडं भागुजी हेडी. माझा बाप."

संध्याकाळी चौकात हलगी कडाडली. गोरक्ष माळ घालून असा नाचला की कांदे सुटून शेखरच्या पायाशी गडगडले. लंकाबाई दोरा बांधायला पुढं आली.

"तो फोटो रद्दीत गेला होता," तो धापा टाकत म्हणाला.

"घरची रद्दी विकतं कोण?" तिनं गाठ आवळली. "फोटो मीच दिला त्या पोरीला. नाव तेवढं सांगितलं नाही. ते तुमच्या तोंडून हवं होतं."