ताणलेला दोरा

दुपारी बारापर्यंतचं मौनव्रत माझं रोजचंच. त्या दिवशी मात्र ते जड जात होतं, कारण लेक अपघातातली मोटारसायकल भंगारवाल्याकडून घ्यायला निघाली होती आणि मला "नको" म्हणायचं होतं. त्याच्या दुकानापुढे गाडी नव्या रंगात चकाकत होती. "ताई, नुसतं खरचटलंय हो," भंगारवाला म्हणाला, "डोळे झाकून घ्या." माझे ओठ उघडणार, इतक्यात लेकीने हात पुढे केला. "आई, तुझ्या पिशवीतला जपमाळ ओवायचा दोरा दे ना." गुडघे टेकून तिने मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणला. एकीकडे तो पुढच्या चाकाला चिकटला, दुसरीकडे बोटभर लांब राहिला. "काका, सांगाडाच वाकलाय." "अहो, रंग तरी बघा!" "रंगावर बसायचं नाहीये मला." टाकीवरून एकदा हात फिरवून ती उठली. "बारा वाजले, आई. रागव आता." मी दोरा तिच्याच खिशात घातला. "दुसरी कुठे बघायची?"