हाताची खूण

“एकही कागद नाही?” परीक्षकांनी विचारलं.

“सत्तावीस वर्षं गाड्यांखाली गेली, साहेब. तिथं कागद कोण देतो?”

गॅरेजात त्याला सगळे ब्रेकवाला म्हणत. आता गॅरेज कंपनीनं घेतलं होतं आणि सोमवारपासून प्रमाणपत्र नसलेल्याला फाटकाच्या आत घेणार नव्हते. जुना अनुभव तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. संगणकावरचा प्रश्न वाचून होईपर्यंत वेळच संपायचा. ही तिसरी खेप, शेवटची; या वेळी संगणक नव्हता, प्रत्यक्ष काम दाखवायचं होतं. सकाळी बायकोनं काही विचारलंही नाही. तिनं आशा सोडली होती, आणि खरं सांगायचं तर त्यानंही.

“मग तुमचं काम ओळखायचं कसं?”

“नट आवळला की नटापासून पाइपाच्या जोडापर्यंत पिवळ्या रंगाच्या दोन रेघा ओढतो. बाकीचे एकच ओढतात. माझी एक आणि...” तो लाजला. “आमच्या हिची एक. नट नंतर सैल झाला तर रेघ मोडते. माझी आजवर मोडलेली नाही.”

परीक्षकांनी ते लिहून घेतलं आणि कोपऱ्यातल्या चेपलेल्या गाडीकडे बोट दाखवलं. “भंगारातून आणलीय. ब्रेक का गेले, सांगा.”

तो टॉर्च घेऊन खाली सरकला. पाच मिनिटांत बाहेर आला.

“मागच्या चाकाकडे ब्रेकच्या पाइपाचा नट पुरता आवळलेलाच नाही. दोन आटे उघडे आहेत. हळूहळू सगळं तेल गेलं. गाडीत कोण होतं?”

“आई आणि दोन मुलं. कोणी वाचलं नाही.”

ब्रेकवाला भडकला. “जेवायची हाक आली असेल, उठला असेल अर्ध्यावर! अशा माणसाला जन्मात पान्याला हात लावू देऊ नका, साहेब.”

परीक्षकांनी मान डोलावली आणि सही केली. उत्तीर्ण.

त्यानं बायकोला फोन लावला. पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. “अगं, वेडी आहेस का,” एवढंच त्याला म्हणता आलं.

निघताना त्याचा पाय अडला. सैल नट तसाच टाकून जाणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. पाना आणि फडकं घेऊन तो पुन्हा गाडीखाली शिरला आणि नटावरची काळी चिकट घाण पुसू लागला.

खाली दोन पिवळ्या रेघा होत्या. कुठेही मोडलेल्या नव्हत्या.