माणसाएवढी ताटी

गल्लीत वळताच दिपालीला आपल्या दारासमोर माणसं दिसली. पंधरा-वीस तरी असतील. मधोमध एक म्हातारा उकिडवा बसून बांबूच्या कांबट्या सुतळीनं आवळत होता. बाजूला पांढऱ्या कापडाची घडी आणि नवं कोरं मडकं.

तिच्या डोक्यावर फळांच्या रिकाम्या पेट्या होत्या, आरा मशीनवरून कापून आणलेल्या. त्यांची मांडणी करायची होती, औषधं ठेवायला. त्या तिनं तशाच धरून ठेवल्या. खाली ठेवल्या तर काहीतरी विचारावं लागलं असतं.

बायका बाजूला झाल्या. शेजारच्या वच्छलाबाईंनी पेट्या उतरवून घेतल्या आणि तिचं मनगट धरलं, नेमकं बांगड्यांवर.

"धीर धर पोरी. रडून घे."

तिच्या नवऱ्याला, प्रफुलला, आज दवाखान्यातून सुट्टी होणार होती. दीर कैलास त्याला आणायला गेला होता. पोटाचं ऑपरेशन मोठं. धूळ आणि माणसांची ये-जा यांपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. घर एका खोलीचं, त्यातच तिचं शिवणकाम, म्हणजे दिवसभर बायका ब्लाऊज टाकायला येणार. म्हणून तिनं मशीन दाराकडं ओढली, दिवाण विटांवर चढवून खाली कापडांची गाठोडी सरकवली, खिडकीला जुन्या साडीचा पडदा केला. राहिला होता मधला आडोसा. प्लायवूडचं नाव काढायची सोय नव्हती.

तिनं फोन पाहिला. कैलासचे दोन कॉल येऊन गेले होते. आऱ्याच्या घरघरीत ऐकूच आले नाहीत. तिनं लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलेना. गल्लीला कळलं होतं, तिलाच तेवढं शेवटी कळत होतं.

"काकू, तुमाले कोनं सांगतलं? कैलासभाऊजीनं?"

"कोनं सांगा लागते का वं? सामान आलं, तवा समजलंच ना."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "बाई, कितीक वेळ लागन आनाले? कापड आत्ताच आंथरू, का आल्यावर?"

आवाज ओळखीचा होता. सकाळीच फोनवर ऐकलेला. तानबा, बांबूवाला.

"हे कोनं आनाले सांगतलं तुमाले?"

"तुमीच त फोन केला." तानबा गोंधळला. "ताटी पायजे म्हनल्या. मी म्हनलं, केवढी? तुमी म्हनल्या, माणसाएवढी. वरून कापड पांढरं. आन घाई करा, आमच्या ह्यायले दवाखान्यातून आनून राह्यले."

शब्द न् शब्द खरा होता. दिपालीच्या माहेरी, सिंदीकडं, बांबूच्या आडोशाला ताटी म्हणतात. तिरडीलाही ताटीच म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. नवरा घरी येतोय या आनंदात ते डोक्यातच आलं नाही. भाषेचा हा कंजूषपणा, एका शब्दात दोन कामं उरकायची आणि निस्तरायचं मात्र बाईनं.

"आडोशाची ताटी वो बाबा! घरात मधात लावाले!"

"आडोशाची?" तानबाच्या हातातली सुतळी गळून पडली. "ते कोन मांगते आजकाल? ताटी म्हनलं का हेच."

कुणीतरी हसलं. वच्छलाबाईंनी मनगट सोडलं. "म्हंजे प्रफुल बरा हाय, बाई!"

"मले काय मालूम!" दिपाली ओरडली. "फोन उचलून नाई राह्यले ना कोनी!"

चूक सापडली होती, भीती जागची हलली नव्हती. उलट आता ती जास्तच लागली, कारण आपल्याच तोंडानं मागवलं होतं. घरमालक प्रभाकरराव ओट्यावरून हळूच म्हणाले, "दारात आलेली ताटी रिकामी जात नाई म्हनतात." वच्छलाबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते मुकाट्यानं आत गेले. पण बोलायचं ते बोलून गेले होते.

दिपाली खाली बसली आणि गाठी सोडायला लागली. बोटांनी सुटेनात, तशी दातांनी. तानबाची गाठ ती, मसणात पोचेपर्यंत न सुटणारी. सगळे बघत होते. तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. आधी कैलास उतरला, दोन्ही हातांत पिशव्या, फोन त्यातल्याच एकीच्या तळाशी वाजत राहिलेला. मग बराच वेळ कुणीच उतरलं नाही. दिपालीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कैलासच्या खांद्याला धरून प्रफुल येत होता. गालफडं बसलेली, पोटाला पट्टा, एकेक पाऊल मोजून टाकत.

माणसं बाजूला सरकली. तो ताटीपाशी येऊन थांबला. कापड पाहिलं, मडकं पाहिलं.

"कोन गेलं वं?"

तानबानं मडकं हळूच आपल्या पाठीमागं घेतलं. दिपालीच्या ओठाला सुतळीचा धागा चिकटला होता. तो काढून टाकत ती म्हणाली, "कोनी नाई. पार्टिशन हाय आपलं. तुमच्यासाठी."

प्रफुलनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला कळलं की नाही, सांगता येत नाही. दम घेत घेत तो म्हणाला,

"मंग आडवी काऊन टाकली? उभी करा ना तिले."