निरोप येण्याआधी

“नेर्लेकर, तीन दिवस झाले. तुमच्या प्रोग्रॅमचा पुराचा अंदाज आजही साफ चुकलाय.”

“पण मॅडम, नदीच्या वरच्या भागाचं गणित करणाऱ्या शेजारच्या प्रोसेसरच्या निरोपाची वाट बघत तो आता अडून बसत नाही. निरोप मागवतो आणि पुढच्या कामाला लागतो. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“कामाला लागा म्हटलं होतं. निरोप आलाय का हे न बघताच तो वापरा, असं कुठे म्हटलं? मेमरीच्या कप्प्यात जुनाच आकडा पडलेला असतो आणि तुम्ही तोच नवा समजून पुढे जाता. तिकडे धरण भरलंय आणि तुमची नदी अजून कोरडी.”

तेवढ्यात आईचा फोन आला. रोज याच वेळी येतो. फोन कान आणि खांद्यामध्ये धरून मी नेर्लेकरांचा कोड दुरुस्त करत राहिले.

“बरी आहेस ना, आई? गोळ्या घेतल्यास? छान. ठेवते मग.”

“थांब जरा,” आई म्हणाली. “तूच विचारतेस आणि तूच छान म्हणतेस. सोमवारी मी बाथरूममध्ये पडले. तेव्हापासून रोज सांगायला बघतेय.”

माझे हात कीबोर्डवरच थांबले. आज गुरुवार होता.