कोण कोण उभं आहे

“जर्निसला आपली पास्टर करायची, हे ज्यांना कबूल असेल त्यांनी उभं राहावं,” चर्चचा कारभारी डीकन ग्रेडी म्हणाला, आणि माउंट नेबो चर्च उभं राहिलं. बायकांनी विटा वाहून बांधलेलं हे अमेरिकेतल्या काळ्यांचं चर्च. पण पास्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, म्हणून बाई आजवर कधी नेमली नव्हती.

रीतीप्रमाणे जर्निसने मतदानाच्या वेळी बाहेर थांबायचं होतं. “घरचीच पोर, थांब इथेच,” म्हणून ग्रेडीनेच तिला पुढे उभं केलं होतं. तिने डोळे पुसले. मग तिला पहिला बाक दिसला. पांढरी हॅट, पांढरा झगा, मांडीवर पर्स. तिची आई, सगळ्यांची रूथमाई, बसून होती.

सख्खी आई! चर्चभर कुजबुज झाली.

“माई, गुडघे धरलेत का?” ग्रेडीने हसत विचारलं.

“गुडघे ठणठणीत आहेत. मी बसलेय.”

जर्निस पुढे वाकली. “आई, अगं काय करतेस तू?”

“तू गप्प राहा.” रूथमाईने मान मागे वळवली. “बाकीचे उभेच राहा. मागच्या पास्टरला चर्चने राहायला घर दिलं होतं. हिला देणार?”

ग्रेडी खाकरला. “हिचा नवरा कमावता आहे ना, माई.” आणि तो खुर्चीत टेकला. त्याचं बघून मागचे दोन बाक बसले.

“मॉन्टगमरीहून पाहुणा पास्टर येणार आणि म्हणणार, मी व्यासपीठावर बाईच्या शेजारी बसणार नाही. त्याला जेवायच्या आत परत कोण धाडणार?”

पुरुषमंडळींना एकाएकी बुटांचे बंद आठवले. वाकले ते वर न येता तसेच बाकावर टेकले.

“जानेवारीत पास्टर नव्हता, तेव्हा ही एका आठवड्यात तीन मयती उरकून तापाने फणफणली. वाटीभर सूप घेऊन कोण गेलं होतं?”

“आम्हाला वाटलं, तुम्ही आहात ना,” गाणाऱ्या बायकांमधली व्होंडा पुटपुटली.

“मी ऐंशीची आहे गं. मी किती पुरणार?”

व्होंडा बसली. तिच्यामागे सगळा गाणारा ताफा बसला, मग उरलेसुरलेही. ‘नाही’ कुणीच म्हटलं नाही. सकाळी गळ्यात पडलेली ही माणसं. जर्निस नुसती बघत राहिली. अख्ख्या चर्चमध्ये आता ती एकटीच उभी होती.

रूथमाईने पर्स बाकावर ठेवली, कठड्याला धरून ती उठली आणि लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

ग्रेडीने डोकं खाजवलं. “मग माई, हे तुमचं ‘हो’ धरायचं का ‘नाही’?”

“उभे आहेत तेवढे मोज, ग्रेडी,” रूथमाई म्हणाली.